टाकीचं पाणी, स्लॅबचं पाणी

यंदा मासे मेले तर टाकी फोडायची, हे देवकीबाईंनी गणपतीतच सांगून टाकलं होतं. सगळं घर जेवायला बसलेलं असताना, मोदकावर तूप वाढता वाढता त्या थोरल्या सुनेकडे बघत म्हणाल्या होत्या, "आणि उन्हाळाभर जगले, तर तो मागचा कोपरा धाकट्या इंद्राणीचा. वाटणीत कोणी मागायचा नाही. मी डोळे मिटेपर्यंत हा शब्द बदलायचा नाही."

थोरली सून भगवती हसली होती. गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते तिला पाठ होतं. तिच्या लेकीला बघायला रोझ हिलहून पाहुणे आले, नेमकी त्याच सकाळी वीज गेली, टाकीतला पंप थांबला, आणि दुपारपर्यंत मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. पाहुण्यांनी चहा नाकाला रुमाल लावूनच घेतला. लग्न जमलं, पण भगवतीनं तो रुमाल काही इंद्राणीला माफ केला नाही.

बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावातलं हे आवार अजून वाटलेलं नव्हतं. पुढच्या घरात थोरला चंद्रमोहन राहायचा. त्याचा भाजी वाहायचा टेंपो होता. मागच्या पत्र्याच्या घरात धाकटा जयदेव, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि त्याची बायको इंद्राणी. मधल्या खोलीत देवकीबाई आणि देव. आवारात नळ एकच होता, आणि तो चंद्रमोहनच्या भिंतीला. त्याच्याभोवती लाकडी पेटी होती, पेटीला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली भगवतीच्या कमरेला.

इंद्राणी लग्नाआधी रोझ हिलच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. फ्लाक जिल्ह्याच्या या उष्ण बाजूला येऊन पडल्यावर दोन बस बदलून शाळा गाठणं जमेना, आणि नोकरी सुटली. मूलही झालं नाही. या घरात तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि तसं ते तिला अधूनमधून ऐकवलंही जायचं. मग तिनं मागच्या कोपऱ्यात टाकी बांधली. कमरेइतकी खोल सिमेंटची टाकी, तिच्यात तिलापिया मासे. शेजारी उंचावर बारीक खडीनं भरलेले दोन हौद. माशांच्या घाणीचं पाणी पंपानं खडीत चढायचं. खडीला चिकटलेले जीवाणू त्या घाणीतलं विष मोडून त्याचं खत करायचे, ते खत खाऊन क्रेसोंची पालेभाजी आणि टोमॅटो वाढायचे, आणि चाळलेलं पाणी नळीतून पुन्हा टाकीत पडायचं. माती नाही, शेण नाही. गाव बघायला यायचं. रोझ हिलच्या बाईंनी दगडावर भाजी लावलीय, असं म्हणून हसायचं आणि जाताना क्रेसोंची जुडी घेऊन जायचं.

आता जानेवारी संपत आला होता, बेटावरचा ऐन उन्हाळा. वारा मेल्यासारखा पडून होता. समुद्रावर कुठेतरी सायक्लोन घोटाळतोय, असं रेडिओ रोज सांगायचा आणि तो सायक्लोन रोज दुसरीकडे जायचा. मागे उरायची ती नुसती आग. उसाच्या पात्या दुपारी चाबकासारख्या कडक व्हायच्या. नळाला सकाळी एक तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं.

इंद्राणीनं टाकीवर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं होतं. कडेला ओली गोणपाटं टांगली होती. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, म्हणून नळीचं तोंड तिनं हातभर वर चढवलं होतं. पाणी उंचावरून पडेल, फेसाळेल आणि पडता पडता हवा ओढून नेईल. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं होतं. रोज सकाळी भगवतीच्या मर्जीनं मिळालेल्या दोन बादल्या ती उघड्या पिंपात दिवसभर ठेवायची. नळाच्या पाण्यातलं औषध उडून गेलं की मगच ते टाकीत घालायची.

"त्यांना शिळं पाणी लागतं," भगवती नळाशी उभी राहून शेजारणीला सांगायची. "आम्हाला ताजं मिळत नाही, आणि हिच्या माशांना शिळंच हवं. काय ती श्रीमंती!"

इंद्राणी उत्तर द्यायची नाही. तिच्या गप्प बसण्याचा भगवतीला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा.

त्यात चंद्रमोहननं स्लॅबचं काम काढलं.

मागच्या एका सायक्लोननं त्यांच्या घराचे पत्रे उचलून उसात नेले होते. भगवतीनं सगळी रात्र दोन पोरींना पोटाशी धरून पलंगाखाली काढली होती. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, डोक्यावर सिमेंट हवं. भिंती उठल्या, फळ्या ठोकल्या, लोखंड बांधून झालं. लेकीचं लग्न पावसाळ्यानंतर होतं. त्याआधी सायक्लोन आला तर काय, या भीतीनं ऊन न बघता दिवस ठरला. वरच्या मजल्याचा जिना कुठून उतरवायचा, हेही भगवतीनं मनात ठरवून ठेवलं होतं. मागच्या कोपऱ्यातून. टाकीच्या जागी.

स्लॅब ओतायच्या दिवसाला बेटावर कूल दाल म्हणतात, आणि त्या दिवशी बोलावणं करावं लागत नाही. जातपात, भांडणतंटा सगळं बाजूला ठेवून गाव येतं. पहाटेपासून चाळीस माणसं आवारात. खाली फावड्यांनी खडी, वाळू आणि सिमेंट कालवायचं, बादल्या भरायच्या, हातोहात शिडीवर चढवायच्या. बायका चुलीवर मटण, भात आणि लोणचं करायच्या. संध्याकाळी रम. त्या दिवशी कोणाला कशाला नाही म्हणायचं नसतं.

दहाच्या सुमारास बांधकामाची पिंपं रिकामी झाली. त्या सकाळी नळ अर्ध्या तासातच गुरगुरून थांबला होता.

मासों, म्हणजे गवंडी, वरून ओरडला, "पाणी! थांबायचं नाही हां, थांबलात तर सांधा पडेल. सांध्यातून जन्मभर गळेल."

चाळीस माणसं थांबली. आणि मग एकेक मान मागच्या कोपऱ्याकडे वळली. पाचटाच्या सावलीत पाणी खळखळ पडत होतं.

भगवती पदरानं घाम पुसत इंद्राणीसमोर येऊन उभी राहिली. "बघतेस काय गो? गावाला सांगू का, की पाणी आहे पण ते माशांसाठी राखलंय?"

"ते पाणी सिमेंटात चांगलं नाही, जाऊबाई," इंद्राणी म्हणाली. "त्यात घाण आहे, क्षार आहेत. स्लॅब कच्चा राहील." हे खरं होतं. पण ती ते बोलली माशांसाठीच, आणि हे दोघींनाही कळलं.

"आणि अर्धाच राहिला तर पक्का होईल का?"

आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या देवकीबाईंनी काठी आपटली. "इंद्राणी. पाणी दे."

इंद्राणीनं सासूकडे पाहिलं. मग टाकीच्या आतल्या भिंतीवर खिळ्यानं एक रेघ ओढली, पाण्याच्या वीतभर खाली. "इथपर्यंत. याच्याखाली एक थेंब नाही. आणि माझ्या या दोन बादल्यांनीच काढायचं. स्वच्छ आहेत त्या. दुसरी बादली टाकीत घालायची नाही."

"हो बाई, हो. सोवळ्याच्या बादल्या," भगवती म्हणाली. माणसं हसली.

त्या हसण्यानं इंद्राणीच्या अंगाची लाही झाली. पाणी उतरताना जळू नये म्हणून तिनं पंप बंद केला, बादल्या ठेवल्या, आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. काढू देत. बघायलाच नको. ती पंख्याखाली पाठमोरी बसून राहिली. बाहेर जयदेवचा आवाज येत होता. तो भावाच्या स्लॅबवर गुडघाभर सिमेंटात उभा राहून "आलों, आलों!" म्हणजे चला, चला करत बादल्या ओढत होता. त्यानं एकदाही खाली बघून बायको कुठे आहे हे विचारलं नाही. तिनं दोन वेळा उठून दाराच्या कडीला हात लावला आणि दोन वेळा परत बसली. एवढाच तिचा अपराध. पण पुढचं सगळं त्यातून झालं.

फटाके वाजले तेव्हा तिला कळलं, की स्लॅब संपला.

ती बाहेर आली. पाणी रेघेच्या हातभर खाली गेलं होतं. पण तिचे डोळे तिथे थांबले नाहीत. टाकीच्या काठावर ओल्या सिमेंटाचे ओघळ होते. पाण्यावर राखाडी साय धरली होती. आणि मध्यभागी, सिमेंटानं माखलेली एक बादली कलंडून तरंगत होती. तिच्या दोन स्वच्छ बादल्या जिथे ठेवल्या होत्या तिथेच कोरड्या पडल्या होत्या.

मासे नळीच्या तोंडाखाली दाटीनं गोळा झाले होते. पंप बंद, नळीतून थेंबही नाही, तरी तिथेच. तोंडं पाण्याबाहेर, उघडझाप, उघडझाप.

तिनं धावत जाऊन पंप लावला. मग मागे वळली. "कोणी घातल्या या बादल्या?"

"सगळ्यांनी," भगवती पातेल्यातून मान वर न करता म्हणाली. "तुझ्या दोन बादल्यांनी स्लॅब व्हायला दिवाळी उजाडली असती."

"सिमेंटात चुना असतो."

"मग? पान खाताना आपणही चुना खातो. मेले का कोणी?"

बायका फिदीफिदी हसल्या. इंद्राणीच्या डोक्यात आकडे फिरू लागले. तिलापिया ऊन सोसतो, थोडी कमी हवाही सोसतो. पण माशांच्या मुतातला अमोनिया साध्या पाण्यात निजलेला असतो. पाणी चुन्यानं जळजळीत झालं की तो जागा होतो, आणि पाणी गरम असलं तर दुप्पट वेगानं. टाकीतलं पाणी आता माशांना आतून जाळत होतं. हे शाळेत तिनं फळ्यावर लिहून शिकवलं असतं. इथे फळा नव्हता, आणि ऐकणारंही कोणी नव्हतं.

ती स्वयंपाकाच्या मांडवात शिरली, मसाल्याच्या ताटातली चिमूटभर हळद घेतली, आणि दोन काचेचे पेले. एकात तिच्या पिंपातलं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं. दोन्हींत हळद टाकून ते पेले तिनं देवकीबाईंच्या खुर्चीच्या हातावर ठेवले.

एक पेला पिवळाच राहिला. दुसरा हळूहळू केशरी झाला, मग तांबूस.

देवकीबाईंनी पेला उन्हात धरला. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाजारात डबी मिळू लागेपर्यंत त्यांनी स्वतः हळदीला चुना लावून घरचं कुंकू केलं होतं. त्यांना कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"इतका चुना?" त्या हळूच म्हणाल्या.

"इतका."

"उतरवता येतो?"

"आंबटानं. जाऊबाईंकडे विनेग आहे, सिरका. लोणच्याचं."

भगवती ताडकन उठली. "ते लग्नाच्या लोणच्याचं आहे! माझ्या पोरीच्या लग्नाचं! आई, ही आता विनेगसुद्धा माशांना पाजणार?"

"आण," देवकीबाई म्हणाल्या.

"आई, तुम्हीच म्हणाला होता, मेले तर टाकी फोडायची—"

"मेले तर म्हटलं होतं. मारले तर असं नव्हतं म्हटलं. आण."

भगवती आत गेली, बाटल्यांची पेटी घेऊन आली आणि इंद्राणीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही. बाटल्या एकमेकींवर आपटून खणखणल्या.

इंद्राणीनं घाई केली नाही, हीच तिची खुबी. एकदम ओतलं असतं तर मासे दुसऱ्या बाजूनं मेले असते. अर्धी बाटली बादलीभर पाण्यात कालवायची, नळीच्या धारेखाली थोडी थोडी सोडायची, थांबायचं, पेल्यात हळद टाकून रंग बघायचा. पुन्हा अर्धी बाटली. तोवर मागे पंगत बसली होती आणि रम फिरायला लागली होती. बाबूराव, जयदेवचा मामा, पेला उंचावून ओरडला, "इंद्राणीबाई! मोहरी विसरलात! मोहरीशिवाय माशांचं लोणचं टिकायचं नाही!"

सगळी पंगत खो खो हसली. जयदेवही हसला, पण मग बायकोनं वर पाहिलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

सूर्य उसाआड जाईपर्यंत पेल्यातली हळद पिवळी झाली. वर आलेले काही मासे खाली गेले. बरेच गेले नाहीत. मेलेले मासे इंद्राणीनं गोणपाटात गुंडाळले, केळीखाली पुरले आणि वर दगड ठेवला. रुमाल लावायची वेळ या खेपेला कोणावर येणार नव्हती.

चुना उतरला होता, पण पाण्यातलं विष संपलं नव्हतं, आणि विनेगही आता पाण्यातली हवा खात होतं. पाणी बदलायला हवं होतं. निम्मं तरी.

दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा ती पिंप घेऊन उभी होती. भगवतीनं पेटी उघडली आणि नळाला जोडलेली रबरी नळी शिडीवरून वर चढवली. मासोंनं सांगून ठेवलं होतं, स्लॅबच्या कडेनं मातीचा बांध घालायचा आणि आठवडाभर त्यात पाणी उभं ठेवायचं. या उन्हात ओला स्लॅब सुकला तर फुटतो.

"जाऊबाई, आज मला पाणी द्या," इंद्राणी म्हणाली. "टाकीतलं पाणी मी तुम्हाला देते. स्लॅबवर घालायला ते चालतं. कालवायला चांगलं नाही, पण वर भिजवायला चालतं. त्यात चुना उरला असला तरी सिमेंटाला त्याचं काही नाही. तेच पाणी, फक्त अदलाबदल."

"माशांच्या गुवाचं पाणी माझ्या छपरावर?" भगवती वळली. "खाली देव यायचेत बसायला. गणपती यायचाय. त्याच्या डोक्यावर तुझा हा घाणेरडा हौद ओतू? काल सिमेंटात गेलं तेवढं पुरे झालं. अजून भिजवायचंय तुला आमचं घर?"

"काल तुम्हाला चाललं."

"काल नाइलाज होता."

"आज माझा आहे."

"तो तुझा. माझा नाही." आणि भगवतीनं नळाकडे पाठ केली. तासाभरात नळ थांबला. पेटीला कुलूप लागलं.

अकरा वाजता उन्हानं हद्द केली. कावळेसुद्धा आंब्यात चोची उघड्या टाकून बसले होते. वर बांधातलं पाणी वाळूत मुरावं तसं आटून गेलं. जयदेव कारखान्यात जायच्या आधी स्लॅब बघायला चढला आणि लगेच खाली आला.

"दादा," त्यानं भावाला हाक मारली. "केस पडलेत."

चंद्रमोहन वर गेला. पांढऱ्याफटक पडत चाललेल्या स्लॅबवर, दक्षिणेच्या कडेला, केसाएवढ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. त्यानं खाली बघून बायकोला अशी शिवी हासडली की शेजारच्या आवारातली माणसं बाहेर आली. "कालच भिजत ठेवायला हवं होतं! पाणी कुठाय? कुठून आणू पाणी? तुझ्या डोळ्यांतून?"

पाणी एकाच जागी होतं.

भगवती टाकीशी आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं आणि अपमानानं लाल झाला होता. इंद्राणी गुडघे टेकून पाण्यावर वाकली होती. पंपाची धार पुरेना म्हणून हातातल्या डब्यानं पाणी उचलत होती आणि उंचावरून सोडत होती. दोन्ही दंड सुजले होते.

"दे ते पाणी," भगवती म्हणाली.

इंद्राणीनं डबा खाली ठेवला. क्षणभर, खरंच क्षणभर, तिला नाही म्हणावंसं वाटलं. फुटू दे स्लॅब. वरून गळू दे, जन्मभर, पोरीच्या लग्नात आणि नातवाच्या बारशात, प्रत्येक पावसात बादल्या मांडू देत हिला घरभर. ही चव तिनं जिभेवर घोळवली. ती गोड लागली, आणि गोड लागली याचंच तिला नवल वाटलं.

"उद्याचा नळ माझा," ती म्हणाली. "परवाचाही. आठवडाभर. रोज नळाचं पाणी टाकीला, टाकीचं पाणी स्लॅबला."

"हो."

"हो नको. किल्ली."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"काल मी बादल्यांच्या बाबतीत ठेवला होता."

भगवतीनं कमरेची किल्ली ओढून काढली. इंद्राणीचा हात पुढे होता, पण किल्ली त्या हातात पडली नाही. ती हौदातल्या क्रेसोंमध्ये जाऊन पडली. इंद्राणीनं पानं बाजूला केली, खडीत बोटं घातली, किल्ली शोधली, धुतली आणि आपल्या पदराच्या टोकाला बांधली. मग तिनं स्वतःची स्वच्छ बादली भरली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवली.

पुढचा आठवडा दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सकाळी इंद्राणी नळ उघडायची, पाणी पिंपांत साठवायची. आदल्या दिवशीचं, औषध उडालेलं पाणी टाकीत जायचं. टाकीतलं जुनं पाणी बादल्यांनी शिडीवर जायचं. इंद्राणी खालून चढवायची, भगवती वरून घ्यायची. बादली घेताना बोटं बोटांना लागणार नाहीत अशी कडी धरायची सवय दोघींना न सांगता झाली. भगवती प्रत्येक बादली नाक मुरडून ओतायची आणि गणपतीची क्षमा मागायची. मोठ्यानं, खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रोज एखाददुसरा मासा मरायचा. मग एक दिवस एकही मेला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मासों येऊन स्लॅबवर टाचा आपटून गेला. झालं म्हणाला, फळ्या काढायला अजून थोडे दिवस जाऊ द्या. त्या संध्याकाळी देवकीबाई काठी टेकत टेकत मागच्या कोपऱ्यात आल्या. चंद्रमोहन आणि भगवती त्यांच्या मागे होते. देवकीबाईंनी टाकीत डोकावून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळाशी सावल्या फिरत होत्या. पूर्वीपेक्षा खूप कमी, पण फिरत होत्या. त्यांनी चिमूटभर भुसा घेऊन टाकला. पाणी एकदम उसळलं.

"जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "उन्हाळा अजून आहे. पण याहून वाईट काय व्हायचंय? मी बघितलं ते बघितलं. कोपरा हिचा."

"आणि जिना?" चंद्रमोहननं विचारलं.

"पुढून काढ."

"पुढे स्वयंपाकघराची खिडकी आहे, आई!" भगवतीचा आवाज फाटला. "जन्मभर लोकांच्या टाचा बघत भाकऱ्या थापू मी?"

"मग खिडकी हलव," देवकीबाई म्हणाल्या, आणि काठी टेकत निघून गेल्या. चंद्रमोहन मान खाली घालून त्यांच्यामागे गेला.

भगवती तिथेच उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला. "किल्ली."

"स्लॅबला या उन्हात अजून आठवडाभर पाणी लागेल," इंद्राणी म्हणाली.

"मासों म्हणाला झालं."

"आठवडा म्हणजे कमीत कमी. उन्हाळ्यात जितकं भिजेल तितकं बरं. आणि तुमच्या स्लॅबनं आधीच एक दिवस ऊन खाल्लंय. त्याच्या कालवणात माझ्या टाकीचं पाणीही गेलंय. मासोंच्या डोक्यावर नाही तो, तुमच्या डोक्यावर आहे."

भगवतीनं डोळे बारीक केले. "हे खरं सांगतेस, की तुझ्या माशांसाठी?"

"वर जाऊन बघा."

भगवती शिडी चढून गेली. खालून तिच्या पावलांचा आवाज येत होता. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. मधोमध, पाणी आटून उघड्या पडलेल्या जागी, ती थांबली. मग एकदम किंचाळली, "आयो! हिरवा झालाय! माझा स्लॅब हिरवा झालाय गो! शेवाळ धरलंय! नव्या घराला शेवाळ! सापीण आहेस तू, सापीण!"

"ओला आहे म्हणून धरलंय," इंद्राणी खालून म्हणाली. "कोरडा पडेल तिथे धरणार नाही. दक्षिणेच्या कडेला बघा."

भगवती तिकडे गेली. कडेला, जिथे बांध फुटून पाणी वाहून गेलं होतं, तिथे हिरवं नव्हतं. तिथे स्लॅब पांढरा पडला होता, आणि त्या रेघा तशाच होत्या.

मग वरून दोर सुटला आणि त्याच्या टोकाची बादली इंद्राणीच्या पायांशी येऊन खणकन आदळली. थोडक्यात तिचा अंगठा वाचला.

"भर," वरून आवाज आला.

इंद्राणीनं बादली उचलली. आतून बोट फिरवलं, बुडापासून काठापर्यंत. बोट उन्हात धरून पाहिलं. स्वच्छ होतं. मग तिनं ती टाकीत बुडवली.